उजीचा चहा आणि पाहुण्याचं काम

क्योटोची तिकिटं काढली तेव्हा आई म्हणाली, ‘देवळं चार कमी दाखवलीस तरी चालेल, पण तो चहा मला नीट बघायचाय.’ आईचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे. जपानी चहाविधी म्हणजे तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, थेट वज्रासनात बसणं. त्यामुळे निघण्याआधी दोन महिने माझा शोध एकाच गोष्टीचा होता: खुर्ची कुठे मिळेल?

खुर्ची मिळते, आणि ती काही पर्यटकांसाठी परवा काढलेली सोय नाही. 1872 साली क्योटोत मोठं प्रदर्शन भरलं. परदेशी पाहुणे येणार आणि त्यांना जमिनीवर बसता येणार नाही, म्हणून चहाविधी शिकवणाऱ्या उरासेन्के घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी, गेन्गेन्साईंनी, टेबल-स्टुलावर बसून चहा करण्याची पद्धत बसवली. तिला ‘र्‍युरेई’ म्हणतात. बुकिंग करताना हा एक शब्द विचारा. ‘खुर्ची आहे का’ या प्रश्नाला कधी कधी कोपऱ्यातलं एखादं छोटं स्टूल मिळतं; ‘र्‍युरेई आहे का’ विचारलं की विधीच तसा मांडलेला मिळतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आपण कोपऱ्यात बसलोय असं वाटू नये, हे मला महत्त्वाचं वाटलं.

आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिलं क्योटो शहरात, किमोनोसकट पॅकेज असलेलं. नाव देत नाही. वीसेक माणसं, तासाभराचा कार्यक्रम, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ किमोनो बांधण्यात आणि फोटोंत गेला. चहा करणारी मुलगी मनापासून करत होती, पण तिच्या हालचालींवर सतत माइकवरून निवेदन चालू होतं. चहाच्या खोलीत किटलीचा आवाज ऐकायचा असतो, आणि तोच ऐकू आला नाही. किमोनो घालायची हौस असेल तर जरूर घाला, पण तो दिवस वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र केलं की दोन्ही निसटतात, असं माझं ठाम मत झालंय.

दुसरं ठिकाण उजी, क्योटोजवळचं चहाचं गाव. तिथे जे मिळालं त्यासाठीच हे लिहितेय.

क्योटो स्टेशनवरून जेआर नारा लाइननं जलद गाडी वीस मिनिटांच्या आत उजीला सोडते. साध्या गाडीला अर्धा तास धरा. स्टेशनबाहेरची टपालपेटी चहाच्या डब्याच्या आकाराची आहे, तिथूनच गावाचा धंदा कळतो. ब्योदोइन मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना चहाची दुकानं, आणि होजिचा म्हणजे भाजलेला चहा परतल्याचा वास. ब्योदोइनचं फिनिक्स सभागृह 1053 सालचं; दहा येनच्या नाण्यावर तेच आहे, खिशातलं नाणं काढून समोर धरून बघा. आम्ही ते सकाळी लवकर पाहिलं आणि मग नदीकाठच्या ताइहोआनमध्ये गेलो. हे उजी नगरपालिकेचं चहाघर आहे. नावाचा अर्थ ‘फिनिक्सच्या समोरचं’. तिकीट शेजारच्या पर्यटन केंद्रात मिळतं. विधी बघून चहा प्यायचा असेल तर आधी बुकिंग लागत नाही. स्वतः चहा घुसळून बघायचा असेल तर मात्र काही दिवस आधी सांगावं लागतं. गावातल्या वेगवेगळ्या परंपरांचे शिक्षक इथे आळीपाळीनं यजमान असतात, त्यामुळे दोन दिवशी गेलात तर दोन तऱ्हा दिसतील. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत बंद असतं, तेव्हा त्या काळात जाणाऱ्यांनी तारखा तपासून घ्या.

दाराशी आम्ही घड्याळं, अंगठ्या काढल्या. आईनं बांगड्याही काढून पिशवीत ठेवल्या. हे शोभेसाठी नाही. हातात येणारा बाऊल कुणाच्या तरी घरचा, कधी कधी पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो, आणि धातूचा ओरखडा त्यावरून जात नाही. अत्तर लावू नका, कारण खोलीत कोळशाबरोबर मंद धूप असतो. पांढरे स्वच्छ मोजे सोबत ठेवा आणि आत जाण्यापूर्वी बदला. अनवाणी तातामीवर जाणं तिथे बरं मानत नाहीत. तातामीच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला उंबऱ्याच्या सवयीमुळे चटकन जमतं.

आत एक छोटी गंमत झाली. तोकोनोमाच्या, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्याच्या, सर्वांत जवळची जागा मुख्य पाहुण्याची. त्यानं यजमानाशी सगळ्यांच्या वतीनं बोलायचं, बाऊलबद्दल, कोनाड्यात टांगलेल्या लेखपटाबद्दल विचारायचं. आमच्याबरोबर चार जपानी बायका होत्या आणि ती जागा कुणीच घेईना. ‘तुम्ही बसा’, ‘छे, तुम्हीच’. लग्नाच्या पंगतीत पहिल्या पानावर कोण बसणार यावरून आपल्याकडे चालतं ते अगदी हेच. शेवटी त्यांतल्या सर्वांत वयस्कर बाई बसल्या. तुम्ही नवखे असाल तर ही जागा घेऊ नका, कुणी आग्रह केला तरी. शेवटचीही नको, कारण रिकामी भांडी गोळा करून देण्याचं काम तिथल्या माणसाकडे असतं. मधे बसा आणि उजव्या-डाव्या बाजूंचं पाहत राहा.

कोनाड्यात एक लेखपट आणि बांबूच्या नळीत एकच पांढरी, अर्धी मिटलेली कमेलियाची कळी. नोव्हेंबर म्हणजे चहाच्या माणसांचं नवं वर्ष. उन्हाळाभर तातामीवर ठेवलेली शेगडी जाते आणि जमिनीत चौकोनी खोदलेली चूल उघडते, ती एप्रिलपर्यंत. चूल पाहुण्यांच्या जवळ येते, ऊब जवळ येते. जमत असेल तर या महिन्यांत जा. फक्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल पानं बघायला सगळा देश क्योटोत लोटतो, तेव्हा राहायची जागा फार आधी घ्या.

मग किटली ऐकू आली. उकळत्या पाण्याच्या या आवाजाला ते ‘पाइनच्या झाडांतला वारा’ म्हणतात. किटली ओतीव लोखंडाची असते, आणि हा आवाज उठावा म्हणून काहींच्या तळाला आतून लोखंडाचे छोटे पत्रे मुद्दाम चिकटवलेले असतात. आवाजासाठी भांडं घडवणारी माणसं! या साऱ्या विधीचं जपानी नाव ‘चानोयु’, म्हणजे चहाचं गरम पाणी, बस इतकंच.

आधी गोड येतं. हा क्रम बदलू नका. गोड संपवायचं, मगच चहा; दोन्ही एकाआड एक खायचं नसतं. आम्हाला मिळालेलं गोड पांढऱ्या घेवड्याच्या सारणाचं, पिकल्या पानाच्या आकाराचं आणि रंगाचं होतं. आईनं बांबूच्या काडीनं कापून तोंडात घातलं आणि म्हणाली, ‘अगं, हे पुरणच की, जायफळ नसलेलं.’ तुलना अगदी बरोबर आहे. डाळ-घेवडा शिजवून, वाटून, साखरेत आटवायचा. शाकाहारी मंडळींना इथे काळजीचं कारण कमी. ही मिठाई बहुतेक घेवडा, अझुकी नावाचं लाल कडधान्य, तांदूळ आणि साखर यांची असते, आणि जेलीसारखी असली तर ती समुद्री शेवाळाच्या कान्तेनची. काही प्रकारांत अंडं असतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी विचारून घ्या.

रिकाम्या पोटी जाऊ नका, हेही इथेच सांगते. माचा म्हणजे हिरव्या चहाच्या पानांची पूड; त्यात पानाचा अर्क नव्हे, आख्खं पानच पोटात जातं. पित्ताचा त्रास असणाऱ्यांना ते जाणवतं. आम्ही नीट न्याहारी करून गेलो होतो.

यजमान बाई साठीच्या असाव्यात. कमरेला खोचलेला रेशमी रुमाल काढून त्यांनी घडी घातली, चहाची डबी पुसली, बांबूचा चमचा पुसला. डबी आधीच स्वच्छ असते. तरी ती तुमच्यासमोर पुन्हा पुसली जाते. आईला हे सर्वांत आवडलं. पूजेला बसल्यावर घासून ठेवलेली उपकरणी आपण पुन्हा पाण्यानं धुऊन घेतो, तसं, असं ती नंतर म्हणाली. मग दोन ग्रॅमच्या आसपास हिरवी पूड, थोडंसं पाणी आणि बांबूची घुसळणी. एकाच बांबूच्या तुकड्यातून तासलेली ही घुसळणी नारा भागातल्या ताकायामा गावात पाचशे वर्षं घडते आहे. उरासेन्के परंपरेत फेस पूर्ण भरतो, ओमोतेसेन्के या दुसऱ्या घराण्यात हिरव्या पाण्याची चंद्रकोर मोकळी राहते. आपल्या बाऊलमध्ये काय दिसतंय ते बघितलं की यजमान कुठल्या घरचे, याचा अंदाज बांधता येतो.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. मोठ्या बैठकीत फक्त पहिल्या एक-दोघांचा चहा समोर होतो, बाकीच्यांचा आतल्या खोलीतून तयार होऊन येतो. आपल्याला कमी लेखलं असं त्यात काही नाही.

बाऊल आला की आधी शेजारच्या पाहुण्याकडे वळून थोडं वाकायचं: ‘ओसाकी नि’, तुमच्या आधी घेते. मग यजमानाला: ‘ओतेमाए चोदाई इताशिमास’, तुम्ही केलेला चहा घेते. ही दोन वाक्यं पाठ करून जा, बाकी जपानी आलं नाही तरी चालतं. बाऊल डाव्या तळहातावर, उजवा हात बाजूला. बाऊलचा देखणा भाग तुमच्याकडे करून ठेवलेला असतो. त्याच भागाला ओठ लावायचे नाहीत म्हणून घड्याळाच्या दिशेनं दोनदा थोडा थोडा फिरवायचा आणि प्यायचा. शेवटचा घोट फुर्र आवाज करून घ्यायचा, म्हणजे संपल्याचं यजमानाला कळतं. आयुष्यभर ‘आवाज करू नकोस’ सांगणाऱ्या माझ्या आईनं तो अगदी व्यवस्थित केला. मग ओठ लागलेली कड बोटांनी पुसायची, बोटं कागदाला, आणि बाऊल उलट फिरवून पूर्ववत. त्यानंतर कोपरं मांड्यांवर टेकवून, जमिनीपासून फार न उचलता बाऊल हातात घेऊन नीट बघायचा.

इथेच मला जे कळायचं ते कळलं. पहिल्या ठिकाणी आम्ही प्रेक्षक होतो. इथे पाहुणे होतो, आणि पाहुण्याला कामं असतात. वाकणं, वळवणं, पुसणं, बघणं, विचारणं. मुख्य पाहुण्या बाईंनी लेखपटाबद्दल विचारलं, मिठाईचं नाव विचारलं (प्रत्येक मिठाईला ऋतूवरून नाव असतं), आणि यजमान बाई खुलून बोलू लागल्या. पाहुण्यांनी विचारलंच नसतं तर महिनाभर आधी केलेली ती निवड तशीच मुकी राहिली असती. म्हणून एक तरी प्रश्न मनात घेऊन जा. फोटोची परवानगी शेवटी मागा. मधे कॅमेरा काढलात तर तुमची कामं राहून जातात.

उष्ट्याचा प्रश्न आईनं परतताना काढला, कारण शेजारच्या बाईंनी दाट चहाबद्दल, ‘कोइचा’बद्दल सांगितलं होतं. मोठ्या विधीत एकच बाऊल सगळ्यांत फिरतो, प्रत्येकजण आपली कड पुसून पुढे देतो. तुम्हाला ते नको असेल तर घाबरू नका. पाहुण्यांना बहुतेक सगळीकडे पातळ चहाच देतात, प्रत्येकाला वेगळा बाऊल. कोइचा असला तरी आता अनेक ठिकाणी वेगळा देतात, बुकिंगच्या वेळी विचारा.

संध्याकाळी उजीच्या पुलावर थोडं थांबलो. पुलाला एका जागी नदीवर बाहेर आलेला छोटा सज्जा आहे. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या चहासाठी तिथून पाणी काढत, असं सांगतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या चहा-उत्सवात आजही तिथून समारंभानं पाणी काढतात. याच हिदेयोशीनं 1591 मध्ये आपल्या चहागुरूला, सेन नो रिक्यूला, पोट फाडून मरायला लावलं. रिक्यूनं बांधलं असं मानलं जाणारं दोन तातामींचं चहाघर, ताइआन, क्योटोजवळ यामाझाकीत उभं आहे. आत जाता येत नाही, बाहेरूनच दिसतं, आणि परवानगी खूप आधी टपालानं मागावी लागते. आम्हाला ते उशिरा समजलं. तुम्ही तारखा ठरताच लिहा.

माचा विकत घ्यायचा तर छोटा डबा घ्या, 20 किंवा 40 ग्रॅमचा. उघडल्यावर तो महिन्याभरात संपवायचा असतो. दगडी जातं तासाला चाळीसेक ग्रॅमच पूड काढतं, आणि जगभरातली मागणी इतकी वाढली की 2024 च्या शरदापासून कित्येक जुन्या दुकानांनी माणशी मर्यादा घातली. सकाळीच घ्या, दुपारी फळ्या रिकाम्या दिसतात.

शेजारच्या बाईंनी आपलं अर्धं गोड कागदात गुंडाळून किमोनोच्या छातीशी ठेवलं होतं. न संपलेलं गोड टाकायचं नसतं, असंच न्यायचं असतं. आईनं ते पाहिलं होतं. हॉटेलवर आल्यावर तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. आत पिवळं-लाल पान, एका कडेला थोडं दबलेलं. ओल्या सारणाची मिठाई त्याच दिवशी खायची असते, म्हणून आम्ही ती तिथेच दोघींत वाटून घेतली.