क्यू शीटमध्ये ड्रमरचा रकाना नसतो

माझं काम काय असतं हे सांगायला गेलो की समोरच्याचं लक्ष उडतं, म्हणून पटकन सांगून टाकतो. डॉक्युमेंटरी, सिरीज असं काही तयार झालं की त्यात जेवढं म्हणून संगीत वाजतं त्याची यादी करायची, कुठल्या सेकंदाला सुरू झालं, कुठे संपलं, मागे नुसतं वाजतंय का पडद्यावर कोणी वाजवताना दिसतंय, संगीतकार कोण, गीतकार कोण, पब्लिशर कोण आणि कोणाचा वाटा किती टक्के. ह्याला क्यू शीट म्हणतात. पुढे ते जिथे जिथे दाखवलं जाईल तिथली रॉयल्टी ह्या कागदावरून वाटली जाते. कागदावर नाव नाही तर पैसे नाहीत, इतकं सरळ आहे. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. ह्याच्या आधी मी ड्रम्स वाजवायचो, बऱ्यापैकी वाजवायचो, पण त्यावर पोट भरेल इतकं चांगलं नाही. असो.

तर 2017 चा फेब्रुवारी. रविवार होता पण डिलिव्हरी डोक्यावर आलेली त्यामुळे सगळे कामाला, एडिटर दोन रात्री झोपलेला नाही, आणि सकाळी सकाळी माझ्या जुन्या बँडमधल्या मित्राचा मेसेज, "क्लाइड गेला." बास, एवढंच. आडनावाची गरज नव्हती. क्लाइड स्टबलफील्ड, 18 फेब्रुवारी, अमेरिकेत मॅडिसन, विस्कॉन्सिन, किडनी निकामी, वय 73.

मी एडिटरला सांगितलं, तो म्हणाला कोण? बाजूच्या खोलीत सांगितलं, तिथेही कोण? त्यांचा काही दोष नाही, मलाही त्याचं नाव खूप उशिरा कळलं होतं. पण त्या ऑफिसात त्याचं वाजवणं ऐकलेलं नाही असा एक माणूस नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो, आणि हेच काही केल्या नीट समजावता येईना.

क्लाइड म्हणजे जेम्स ब्राउन ह्या अमेरिकन गायकाचा ड्रमर. जन्म 1943, चॅटनूगा, टेनेसी. शिक्षण-बिक्षण काही नाही, नोटेशन वाचता यायचं नाही, लहानपणी आजूबाजूच्या कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे आवाज कानावर पडून पडून हात तयार झाला असं तो सांगायचा. 1965 मध्ये ब्राउनच्या बँडमध्ये आला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर पडला. मधल्या ह्या थोड्या वर्षांत फंक म्हणून, म्हणजे ठेक्यावरच उभं असलेलं नाचाचं संगीत, जे काही उभं राहिलं त्याच्या तळाशी हा आणि त्याचा जोडीदार जाबो स्टार्क्स, असे दोन ड्रमर बसलेले आहेत. 'कोल्ड स्वेट' हा, 'से इट लाउड' हा. पण ज्यामुळे तो सगळीकडे पोचला ते गाणं वेगळं. 20 नोव्हेंबर 1969, सिनसिनाटीतला किंग स्टुडिओ, गाणं 'फंकी ड्रमर'. गाणं बरंच पुढे गेल्यावर ब्राउन गाता गाताच त्याला सांगतो की बाबा सोलो वगैरे काही करू नकोस, जे चाललंय तेच धरून ठेव. मग बाकीचे सगळे थांबतात आणि क्लाइड एकटा आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांची आठ आवर्तनं, वाजवतो. वीसेक सेकंद. संपलं.

1970 मध्ये ती रेकॉर्ड आली, ठीकठाक चालली आणि लोक विसरून गेले. पुढे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलून आपल्या गाण्यात वापरता येईल अशी सॅम्पलर नावाची मशीन्स आली, 1986 मध्ये ब्राउनच्या जुन्या रेकॉर्डिंग्जचा 'इन द जंगल ग्रूव्ह' हा संग्रह निघाला त्यात हे गाणं होतं, वर त्या आठ बारांचा लूप करून, म्हणजे तेच परत परत वाजत ठेवून, एक वेगळा ट्रॅकच दिलेला, म्हणजे तयार मालच. मग काय, पब्लिक एनिमी, एन.डब्ल्यू.ए., एलएल कूल जे, रन-डीएमसी, सगळ्यांनी उचलला. हिपहॉपवालेच नाही, शिनेड ओ'कॉनर आणि जॉर्ज मायकलच्या गाण्यांतही तोच खाली वाजतोय. मोजणाऱ्यांनी हजाराच्या वर गाणी मोजलीयत. न मोजलेल्या जाहिराती, गेम्स, रियालिटी शोंचे टायटल ट्रॅक ह्यांचा तर हिशोबच नाही.

आणि त्याला ह्यातलं काय मिळालं? जवळजवळ काही नाही. गाण्यावर संगीतकार म्हणून नाव ब्राउनचं, रेकॉर्डिंगची मालकी कंपनीची, आणि सॅम्पल वापरायचं तर परवानगी घ्यायची ती ह्या दोघांची. वाजवणाऱ्याला वाजवायचा पगार मिळाला की त्याचा विषय तिथे संपतो. बरं ब्राउनला शिव्या घालणं सोपं आहे पण मला ते पूर्ण पटत नाही, कारण 'सोलो करू नकोस' हे सांगायचा कान ब्राउनचा होता, सोलो केला असता तर ते आठ बार कोणाच्याच उपयोगाचे राहिले नसते. पण मग दोघांचं नाव लिहायला काय जात होतं?

आता तो मला इतका जवळचा का ते. शिकत होतो तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ड्रमिंग म्हणजे ताकद. कोण किती फास्ट, कोण किती जोरात. त्या मित्रानेच मला हे आठ बार दिले आणि म्हणाला हे वाजवून दाखव. ऐकायला अगदी सोपं, शंभरच्या आसपास टेम्पो, हायहॅटवर, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर, मात्रेला चार असे फटके एकसारखे चाललेत, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे समोरचा खणखणीत ड्रम, हे काय कोणीही वाजवेल. वाजवलं तर सगळं बरोबर असून काहीच बरोबर नाही. मग कॉम्प्युटरवर अर्ध्या स्पीडला लावून ऐकलं तेव्हा खालचं सगळं दिसायला लागलं. त्या दोन जोरदार फटक्यांच्या मधे डावा हात गप्प बसलेलाच नाही, काठी स्नेअरवर नुसती टेकतेय, घोस्ट नोट्स, भिंतीपलीकडे कोणीतरी कुजबुजत असावं एवढाच आवाज. मधेच हायहॅट जरासा उघडतो आणि लगेच मिटतो. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, पहिल्या मात्रेवर आणि तिच्या अगदी पाठोपाठ परत, आणि मग तुम्हाला वाटेल तिथे नाहीच. माझं पुढचं सगळं वाजवणं हे त्या डाव्या हाताच्या मागे लागण्यात गेलं. जमलं? थोडंसं. पण कान कायमचा बदलला. आज माझं पोट त्या कानावर चालतं, म्हणजे एका अर्थी मला पगार क्लाइडच देतो.

तर त्या रविवारी दुपारी मी तिसऱ्या भागाचं क्यू शीट भरत होतो. जुन्या फुटेजखाली एक तुकडा होता, संगीतकाराने स्वतःच्या नावावर लिहून पाठवलेला, ओरिजिनल, शंभर टक्के. प्ले केला आणि माझा हात कीबोर्डवरच थांबला. स्पीड कमी केलेला, पट्टी उतरवलेली, वरून जुन्या रेकॉर्डची खरखर टाकलेली, पण हायहॅट तिथेच उघडला. कोणी म्हणेल काय योगायोग. योगायोग वगैरे काही नाही हो, ह्या माणसाचा ठेका कुठल्याही दिवशी कुठल्याही प्रोजेक्टमध्ये शोधा, सापडतो.

खात्री करायची होती म्हणून मूळ गाणं टाइमलाइनवर शेजारी ठेवलं आणि ताणून एका स्पीडला आणलं. दुसऱ्या कोणी हुबेहूब वाजवलं असतं तरी इकडे तिकडे काही मिलिसेकंदांचा फरक पडतोच, माणूस तितका तंतोतंत वाजवूच शकत नाही. इथे एकूण एक फटका जुळला, त्या कुजबुजीसकट.

संगीतकाराला फोन लावला. नवीन मुलगा, कामाला चांगला, लबाड तर अजिबात नाही. म्हणाला, "सर, लूप पॅकमधून घेतलंय, त्यावर रॉयल्टी फ्री लिहिलं होतं." मी त्याला सांगितलं की विकणाऱ्याकडेच हक्क नसेल तर त्याने पॅकवर काय लिहिलंय ह्याला काही अर्थ नाही. मग हे मूळ कोणाचं आहे ते सांगितलं, आणि तो माणूस कालच गेला हेही. पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "सर, खरं सांगू का, मला वाटलं हे मशीन आहे."

मला हसू पण आलं आणि घशात काहीतरी अडकलं पण. त्या मुलाला मी काय बोलणार.

पुढचे दोन तास रीतसर गोंधळ. परवानगी काढायला ना वेळ ना बजेट. डायरेक्टर मॅडम म्हणाल्या तुकडा काढू नका, सीन त्याच्यावर कापलाय. शेवटी वकिलांना फोन, त्यांनी अर्ध्या मिनिटात सोडवलं, म्हणाले नवीन वाजवून घ्या, रेकॉर्डिंगचा प्रश्न संपला, आणि नुसत्या ड्रमच्या ठेक्यावर सहसा कोणाचा कॉपीराइट धरत नाहीत. कायद्याने चोख सल्ला. आणि ज्या भोकातून क्लाइडचे पैसे आयुष्यभर गळत राहिले त्याच भोकातून आम्ही आमचा एपिसोड बाहेर काढणार होतो, तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्याची व्यवस्था करणारा मी.

संध्याकाळी दादा आले. दादा म्हणजे जुने सेशन ड्रमर, तुम्ही त्यांना भरपूर ऐकलंय आणि नाव तुम्हाला माहीत नाही. हेडफोनवर मूळ आठ बार लावले. एकदा ऐकलं, परत लाव म्हणाले, परत ऐकलं.

"कोण रे हा?"

सांगितलं.

"पैसे मिळाले का त्याला?"

मग मी जे जे माहीत होतं ते सांगत बसलो. 1971 पासून तो मॅडिसनमध्येच राहिला, तिथल्या क्लबात वर्षानुवर्षं दर सोमवारी रात्री स्वतःच्या बँडबरोबर वाजवायचा, एका रेडिओ शोमध्ये वाजवायचा. 2000 साली मूत्राशयाचा कॅन्सर झाला तेव्हा इन्शुरन्स नव्हता, बिलातले नव्वद हजार डॉलरच्या आसपास पॉपस्टार प्रिन्सने भरले आणि कोणाला सांगू नका म्हणाला, ते बाहेर आलं थेट 2016 मध्ये प्रिन्स गेल्यावर. मग किडनीचं दुखणं, डायलिसिस, मित्रांनी कार्यक्रम करून पैसे गोळा केले. आणि हा माणूस म्हणायचा काय, तर मला पैशापेक्षा माझं नाव लिहिलेलं हवंय. गंमत म्हणजे 'फंकी ड्रमर' हे गाणं त्याचं स्वतःचं फारसं आवडतं नव्हतं.

दादांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "म्हंजे आपल्यातलाच," आणि स्टूल खाली-वर करत बसले.

इंजिनियरने काउंट दिला, दादांनी वाजवलं, आणि जे वाजवलं ते ते आठ बार नव्हतेच. टेम्पो तोच, वजन तेच, डावा हात तसाच आतल्या आत बोलतोय, पण किक वेगळीकडे, हायहॅट वेगळीकडे उघडतोय. मी टॉकबॅकवर म्हटलं, दादा, मूळ जसं आहे तसं हवंय, वकिलांनी चालेल म्हटलंय. दादा म्हणाले, "वकिलांचं चालू दे. तसंच्या तसं मी नाही वाजवणार, ते त्याचं आहे. त्याचं ऐकून माझं जे निघेल ते घे."

दोन टेक झाले. इंजिनियर सवयीने सगळे फटके ग्रिडवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या काटेकोर मात्रांवर, बसवायला निघाला तर मीच त्याला थांबवलं. मॅडमना आधीचंच बरं वाटत होतं, अजूनही वाटत असेल, पण वेळच नव्हता म्हणून पास झालं. खरं सांगायचं तर सीनला आधीचंच जास्त चपखल बसत होतं. ते आठ बार कशालाही बसतात, तिथेच तर सगळी गोची आहे.

रात्री घरी जाऊन ड्रम किट वगैरे काही काढलं नाही मी. आदल्या वर्षी, 2016 मध्ये, रोलिंग स्टोन मासिकाने शंभर ड्रमर्सची यादी काढली होती त्यात जाबो आणि क्लाइडला जोडीने सहावा नंबर दिला होता, ती परत उघडून वाचली, आणि मित्राशी उशिरापर्यंत बोलत बसलो, बरंचसं रागाने. त्याच वर्षी मे महिन्यात मॅडिसनच्या युनिव्हर्सिटीने क्लाइडला मानद डॉक्टरेट दिली, मरणोत्तर. जाबो त्याच्या पुढच्या वर्षी गेला.

कामाचं राहिलं. दादांचं नाव एंड क्रेडिट्समध्ये जावं म्हणून मी भांडलो, गेलं. क्यू शीटमध्ये मात्र वादकासाठी रकाना नसतो, फॉर्मच तसा आहे, मग मी सगळ्यात शेवटी रिमार्क्स असतं तिथे लिहिलं, 'ड्रम्स' आणि पुढे त्यांचं नाव. तेव्हापासून प्रत्येक शीटमध्ये, कोणी काय वाजवलंय हे कळलं की मी लिहितोच. शीट जिथे पाठवतो तिथून अधूनमधून मेल येते की रिमार्क्समधली माहिती अनावश्यक आहे, कृपया काढून पाठवावी. मी काढून पाठवतो. पुढच्या शीटमध्ये परत असते.