किती वाजता लागलं?

द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावकडून येणाऱ्या जखमींच्या कपड्यांना रसाचा आंबूस वास असतो. असाच एक पोरगा फेब्रुवारीत मध्यरात्रीनंतर आमच्या कॅज्युअल्टीत आला. क्रेट भरलेली पिकअप हायवेवर उलटली होती, दोन्ही मांड्यांची हाडं मोडली होती. रक्त दिलं, पाय स्थिर केले. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी त्याला दम लागला. संध्याकाळी व्हेंटिलेटर.

त्याचे वडील निफाडकडचे बागायतदार. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला त्यांनी विचारलं, "डॉक्टर, लागलं मांडीला. छातीवर ओरखडाही नाही. मग फुफ्फुसाला काय झालं?"

"फॅट एम्बोलिझम असेल," म्हणजे मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुफ्फुसात जाऊन अडकली असेल, एवढं बोलून तो पुढच्या बेडकडे वळला. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धं होतं. आणि गंमत म्हणजे, त्याचा प्रबंध उरलेल्या अर्ध्यावरच होता: जखमींच्या रक्तातलं इंटरल्यूकिन-6, म्हणजे शरीरात दाह पेटल्याचा निरोप देणारं प्रथिन.

मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, त्यांना कळेपर्यंत सांग, तोवर चहा नाही.

त्याने सांगितलं ते असं. आपल्या पेशींतले मायटोकॉन्ड्रिया हे एके काळचे स्वतंत्र जिवाणू. त्यांचा डीएनए अजूनही जिवाणूंच्या वळणाचा आहे. स्नायू चिरडले की तो रक्तात सांडतो, शरीराला वाटतं जंतू शिरले, आणि पांढऱ्या पेशी चवताळून उठतात. फुफ्फुसातल्या केशवाहिन्या नाजूक. तिथे त्या अडकतात आणि नासधूस करतात. 2010 मध्ये 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा हा पोरगा शाळेत असेल.

वडील म्हणाले, "म्हणजे भुरीवर फवारायला गेलो अन् पानंच जळाली." मग लगेच, "तर मग ते आवरत का नाही?"

इथे तो अडला. मीच सांगितलं, की आवरायला गेलं तर कधी माणूसच जातो. डोक्याला मार लागला की सूज उतरायला स्टेरॉईड द्यायची आमच्याकडे जुनी सवय. मोठ्या चाचणीत ती तपासली, तर स्टेरॉईड दिलेल्यांत मृत्यू जास्त निघाले. 10,008 रुग्णांनंतर चाचणी थांबवावी लागली. 2004 सालची गोष्ट.

पण खरी फजिती पुढच्या आठवड्यात झाली. बायोकेमिस्ट्रीची संशोधक मुलगी, जी त्याचे नमुने तपासते, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, सगळ्यांना बरोब्बर दोन, तीन नाहीतर चार तासांपूर्वीच कसं लागतं? अडीच तास कुणालाच नाही?"

रेसिडेंट कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमधली वेळ बघून अंदाजाने मागे मोजत होता. इंटरल्यूकिन-6 काही तासांत चढतं. सुरुवातच चुकली, तर उणे 80च्या फ्रीझरमध्ये जपलेली ट्यूब काय कामाची? रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडचंही तेच. तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, त्यानंतर दिलं तर अपायच होण्याची शक्यता.

मी त्याला रागावले नाही. माझ्या प्रबंधातही मी असेच तास भरले होते. तो मंजूर झाला आणि कुणी विचारलंही नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी दोघांसमोर सांगितली.

मग एका शनिवारी रात्री त्या मुलीला कॅज्युअल्टीत उभं केलं. रक्तपेशी फुटून लाल झालेल्या सिरमबद्दल ती रेसिडेंट लोकांना नेहमी झापायची. एका हाताने धमनी दाबून धरत दुसऱ्याने रक्त काढायचं म्हणजे काय, ते तिने पाहिलं. पहाटे बाहेर येऊन पायरीवर बसली, बराच वेळ बोलली नाही. आणि त्याला मी दिवसभर तिच्या लॅबमध्ये बसवला. सेंट्रिफ्यूज, पिपेट, 96 खाचांची प्लेट. संध्याकाळी मान धरली म्हणून कुरकुरत आला. सर्जनला एवढं पुरे.

नव्या तरुणांना ट्रॉमाचं संशोधन शिकवायचं म्हणजे जर्नल क्लब, आकडेशास्त्राची कार्यशाळा, हे सगळं हवंच. पण माझ्या मते पहिला धडा 108च्या ड्रायव्हरशी बोलण्याचा. फोन किती वाजता आला हे त्याला माहीत असतं. नातेवाइकांना नसतं, ते घाबरलेले असतात.

पिकअपवाला पोरगा नऊ दिवसांनी व्हेंटिलेटरवरून निघाला. वडिलांनी पाठवलेली द्राक्षं वॉर्डात वाटली गेली, माझ्या वाट्याला देठं आली.

फॉर्ममध्ये आता दोघांनी मिळून एक नवा रकाना टाकलाय: "वेळ कोणी सांगितली?" परवा सहज चाळत होते. एका फॉर्मवर रेसिडेंटचं अक्षर: "ढाबेवाला. सव्वाअकरा. टीव्हीवरची मॅच नुकतीच संपली होती म्हणून खात्री."