तुम्ही विचारलंत म्हणून: कानाच्या ऑपरेशननं तोंड वाकडं होतं का?

ऑपरेशन सुचवलं की पेशंटच्या आधी घरचेच विचारतात, "तोंड वाकडं होतंय म्हणत्यात, खरं हाय का?" ओपीडीच्या गर्दीत मी "काळजी करू नका" म्हणतो आणि पुढचा केसपेपर घेतो. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, हेही एकदा सांगून टाकतो.

चेहरा हलवणारी नस, फेशियल नर्व्ह, मधल्या कानातूनच जाते. तिच्यावर हाडाचं पातळ कवच असतं. काही जणांत ते जन्मतःच मध्येच उघडं असतं. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला, आत कोलेस्टिएटोमा, म्हणजे हाड खाणारा कातडीचा गोळा, वाढला, तर उरलेलं कवचही जातं. मग नस ओळखायची कशी?

इथं दोन चिमुकले स्नायू कामी येतात. टेन्सर टिम्पनी साधारण 2 सेंटिमीटरचा. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाच्या एका बारीक टोकाला वळसा घालून मॅलियसला, कानाच्या पडद्याला चिकटलेल्या हाडाला, मिळते. नस त्या टोकाच्या लगेच वरून जाते. स्टेपिडियस जेमतेम 6 मिलिमीटर, हाडांना लागलेल्या स्नायूंत शरीरातला सगळ्यात छोटा. पिरॅमिड नावाच्या उंचवट्यातून त्याची कंडरा निघते आणि स्टेपीसला, आतल्या कानाला टेकलेल्या हाडाला, लागते. त्या पिरॅमिडच्या मागून नस खाली वळते. शिकताना मीही म्हणायचो, कापले तरी चालणाऱ्या स्नायूंवर एवढी पानं कशाला?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ होते. कान लहानपणापासून वाहत होता, वास यायचा. उघडून पाहिलं तर इन्कस, म्हणजे मॅलियस आणि स्टेपीसमधलं हाड, नाहीच, मॅलियस अर्धवट, सगळीकडे लालभडक मांस. कशाला हात लावावा कळेना. लावलाच नाही. पुढच्या बाजूनं सावकाश साफ करत गेलो आणि टेन्सरच्या वळणाचं ते टोक दिसलं. बाकी सगळं खाल्लं गेलं तरी ते बहुतेक वेळा टिकतं. त्याच्या वर नस होती, उघडी, पांढुरकी. स्टेपीसवर रोगाची साल चिकटलेली होती. ती मागून पुढे, स्टेपिडियसच्या कंडरेच्या दिशेनंच सोलली. तशी सोलली की कंडरा स्टेपीसला धरून ठेवते. उलट्या दिशेनं ओढली तर स्टेपीसच उखडून आतला कान जाऊ शकतो.

शुद्धीवर आल्यावर त्यांना दात दाखवायला, डोळे घट्ट मिटायला सांगितलं. सगळं व्यवस्थित.

काही दिवसांनी त्यांची बायको त्यांना घेऊन आली. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळत होता, एक डोळा मिटत नव्हता. "तुमी म्हणला हुता काय होत नाही." मी काय सांगणार? नस मी डोळ्यांनी पाहिली होती, तिला हत्यार लागलं नव्हतं. ऑपरेशननंतर हललेला चेहरा नंतर पडला, म्हणजे नस तुटलेली नाही, सुजली आहे. कानातलं पॅकिंग काढायचं, स्टेरॉइड द्यायचं, डोळा जपायचा आणि थांबायचं. मी थांबू शकलो ते नस कुठून कुठं जाते हे त्या दोन खुणांवरून पाहिलं होतं म्हणूनच. नाहीतर कान पुन्हा उघडायचा की नाही, या विचारानं झोप उडाली असती. चेहरा काही आठवड्यांत परत आला. बाईंचा राग गेला की नाही, मला माहीत नाही.

आता स्नायू कापण्याबद्दल, कारण तेही विचारता. ऑटोस्क्लेरोसिस, म्हणजे कानातलं हाड वाढून स्टेपीस हलेनासा होतो तो आजार. त्यात अडकलेल्या स्टेपीसचं ऑपरेशन करताना स्टेपिडियसची कंडरा बऱ्याचदा कापली जाते. मोठा आवाज आला की हा स्नायू स्टेपीसला आवरतो. पण फटाक्यासारख्या अचानक आवाजाला त्याला वेळच मिळत नाही आणि मागाच्या दिवसभराच्या खडखडाटात तो थकतो. म्हणून पूर्वी मी सांगायचो, गेला तर गेला. आता पुन्हा मागावर उभं राहणार असलेला माणूस समोर असला की कंडरा राखता येते का ते आधी बघतो. त्यानं फरक पडतो हे मी सिद्ध करू शकत नाही. कंडरा आड आली आणि काम नीट होईना, तर कापतोही.

तर तोंड वाकडं होतं का? क्वचित होतं. "होतच नाही" असं मी आता म्हणत नाही, आणि त्यामुळे काही जण ऑपरेशनला नकार देऊन वाहता कान घेऊन परत जातात. तोच कोलेस्टिएटोमा नसेपर्यंत पोचला तर ऑपरेशनशिवायही तोंड वाकडं होतं. हे मी त्यांना दारातून हाक मारून सांगतो. काही वळतात, काही नाही.