नायिकेची आई

भाची पुस्तक सोफ्यावर पालथं टाकून कुठेशी निघून गेली. पालथं पुस्तक मला बघवत नाही, म्हणून उचललं, आणि दुपारची झोप गेली. मुखपृष्ठावर एक मुलगा, एक मुलगी, दोघांची तोंडं दोन दिशांना. म्हणजे शेवटी जमणार. पहिल्याच प्रकरणात नायिकेची आई वारलेली. मी मनात म्हटलं, चला, रस्ता मोकळा झाला.

अमेरिकन हायस्कुली प्रेमकादंबऱ्यांचा हा जुना शिरस्ता. आई नसतेच, किंवा रात्रपाळीची नर्स असते, किंवा दुसऱ्या राज्यात नव्या नवऱ्याबरोबर असते. बाबा असतो, पण दमलेला. लेखिकांना तरी काय बोल लावणार? आई दारात उभी राहून ‘कुणाच्या गाडीतून आलीस?’ असं विचारत असेल, तर त्या घरात तीनशे पानं व्हायची कशी? सोळाव्या वर्षीचं लायसन्स, लॉकरमधली चिठ्ठी, प्रॉमचा, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या समारंभाचा, ड्रेस, सगळं आपापल्या जागी ठीक. पण घर रिकामं असल्याशिवाय कथानक हलत नाही.

हा आक्षेप मुळात माझा नव्हे. आम्ही शाळेत असताना असलं एक पुस्तक वर्गभर फिरत असे. वर भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर, कव्हरावर एकीचं नाव, आत भलतीचंच, आणि मूळ मालकीण कोण ते देवाला ठाऊक. एक ठरावीक पान आपोआप उघडायचं. माझी पाळी आली तेव्हा मी ते गादीखाली ठेवलं आणि खूण म्हणून केसांची पिन लावली. शाळेतून येऊन बघते तर पिन बरीच पुढे गेलेली! मी गप्प. आईही गप्प. दुसऱ्या दिवशी पिन आणखी पुढे. ही माझ्याआधी संपवणार असं दिसायला लागलं, आणि संपवलंच तिने. मग कपड्यांच्या घड्या घालताना, माझ्याकडे न बघता, म्हणाली, “त्या मुलीच्या आईला दिवसभर असतं तरी काय एवढं काम?” बाकी तो मुलगा, ते चुंबन, ते पान, यांवर चकार शब्द नाही. ते पान तिने वाचलं की ओलांडलं, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

तेव्हापासून मी आया शोधत वाचते. ज्युडी ब्लूमच्या मुलीने आईकडे मागणी केली होती म्हणे, की दोन चांगली मुलं जवळ येतात आणि त्यापायी कुणी मरत नाही, असं पुस्तक लिही. तोवर अशा गोष्टींत मुलीला काही ना काही भोगावंच लागायचं. म्हणून १९७५ साली ‘फॉरेव्हर’ आलं. त्यात आईवडील जिवंत आहेत, घरातच आहेत, आणि आजी तर नातीला संततिनियमनाची माहितीपत्रकं टपालाने पाठवते. पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाका म्हणणारे पुढे पुष्कळ निघाले. माझा संशय असा, की त्यांना मुलांपेक्षा त्या आजीचाच राग आला असणार.

‘स्वीट व्हॅली हाय’ या पुस्तकमालिकेने १९८३ पासून दुसरी युक्ती काढली. जुळ्या बहिणींचे वडील वकील, आई घरांची अंतर्गत सजावट करणारी. दोघं हयात, प्रेमळ आणि कायम कामात. आराखडे फ्रान्सीन पास्कल यांचे, प्रत्यक्ष लिहिणारी माणसं वेगळीच, आणि शंभरावर पुस्तकं झाली तरी मुली आपल्या शाळेतच. आईवडिलांना न मारता गैरहजर कसं ठेवावं, हे तिथे शिकावं.

जेनी हानच्या २०१४ च्या ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’मध्ये मात्र आई पुन्हा आधीच गेलेली. तिथे मला राग येत नाही, कारण नायिकेने लपवून ठेवलेली प्रेमपत्रं टपालात टाकते ती तिची धाकटी बहीण, तीही रागाच्या भरात. थोरली शिकायला स्कॉटलंडला गेलेली, घर मधलीच्या, म्हणजे नायिकेच्या, अंगावर पडलेलं, आणि मधलीला गाडी चालवायचीच धास्ती. मुलगा येतो, गोड आहे, असू दे. माझी नजर चुंबनं भराभर उलटते आणि बहिणींच्या भांडणाशी येऊन थांबते. भांडण चांगलं जमलं असेल तर पुन्हा वाचते.

आणि या कादंबऱ्यांतला तो बाबा! तीन चतुर्थांश पुस्तकभर ‘गाडी जपून चालव’ यापलीकडे न बोललेला माणूस एका रात्री स्वयंपाकघरात लेकीसमोर बसतो आणि एखादंच वाक्य बोलतो. ते कुठल्या पानाच्या सुमारास येणार हे मला आता आधी कळतं. तरी डोळ्यांत पाणी येतंच. नायक पावसात भिजत माफी मागतो तेव्हा येत नाही.

या प्रकारातलं अगदी सुरुवातीचं पुस्तक म्हणून मॉरीन डेलीचं १९४२ चं ‘सेव्हन्टीन्थ समर’ सांगतात. डेली स्वतः तेव्हा कॉलेजात होती. हायस्कूल संपलंय, कॉलेज सुरू व्हायचंय, मधला उन्हाळा. घरात चार बहिणी, आणि आई चक्क घरात. तरी प्रेम होतं! माझ्या आईला हे पुस्तक मिळायला हवं होतं. शेवटी नायिका कॉलेजला जाते, मुलगा दुसऱ्या राज्यात.

यातला मुलगा टिकतो न टिकतो, ते लेखिकेच्या मर्जीवर. मुलगी घरातून जाते, हे बहुतेक ठरलेलं. सामान गाडीत चढतं, धाकटी हात हलवते, प्रकरण संपतं. मागे राहिलेली माणसं त्या संध्याकाळी काय करतात, यावरही कादंबऱ्या आहेत. त्या दुसऱ्या कपाटात असतात. तिकडे मी सध्या फिरकत नाही.