कार्यालयीन वेळेत चरणारे पक्षी

तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ऑफिसचंही नाही. नागपूरहून गाडीने तासाभराचा रस्ता, एवढं पुरे.

पाणथळीचे पक्षी चरताना टिपायचे म्हणून दोन हिवाळे नागपुरातले फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव केले. ढोकरी मिळते, गायबगळे मिळतात, पण माणसांच्या वर्दळीत काठाला पोटावर पडून राहणं काही जमत नाही. आणि पडावं लागतंच. उभ्याने काढलं की शेकाट्याचे ते लांब गुलाबी पाय मागच्या चिखलात हरवून जातात.

या तलावाचा काठ उतरता. पाणी ओसरू लागलं की गाळ उघडा पडतो आणि पायांच्या उंचीप्रमाणे पंगत बसते: टिलवे ओल्या गाळावर, तुतवार पाण्याच्या रेषेवर, शेकाट्या त्यापुढे, आणि आणखी आत चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चपट्या चोचीचे पक्षी, चोच डावी-उजवीकडे घुसळत. हे सगळं मी दुर्बिणीतून पाहिलं, कारण कॅमेरा काढताच चौकीदार म्हणाला, "फोटो काढाचे तर साहेबाची चिठ्ठी आना."

मग ऑफिस. जानेवारीचा पहिला आठवडा.

आवक-जावकच्या बाबूंनी छापील नमुना दिला, 'चित्रीकरण परवानगी'. रकाने: निर्मात्याचं नाव, कलाकारांची संख्या, वाहनांची संख्या. म्हटलं, मी एकटाच आहे, पक्ष्यांचे फोटो काढतो. "मंग कलाकारात एक लिहा ना जी." मीही शहाणा, लिहिलं. त्या 'एक'ने पंधरा दिवस खाल्ले. पुढच्या टेबलावर माझी फाइल सिनेमावाल्यांत गेली आणि अनामत भरा म्हणाले. मग व्यावसायिक नाही असं हमीपत्र, मग साहेब साइटवर, मग शनिवार-रविवार. (असा रकाना आला तर रेघ मारा आणि सोबत साध्या कागदावर स्वतंत्र अर्ज जोडा. झेरॉक्सवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पहिल्या खेपेला मी उठलो होतो.)

फेब्रुवारी उजाडला तेव्हा पत्र मिळालं. मुदत ३१ मार्चपर्यंत. खाली अट: छायाचित्रण 'कार्यालयीन वेळेतच' करावे.

सरकारी ऑफिसांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे पावणेदहा ते सव्वासहा, सुट्टीचे दिवस वगळून. नऊनंतर ऊन पांढरं पडतं, पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांब लेन्समधून काढलेला प्रत्येक पक्षी ओल्या कागदावर छापल्यासारखा दिसतो. आणि शनिवार-रविवार सोडून जायचं तर माझ्या नोकरीचं काय? मी आवाज चढवला. चढवायला नको होता. "दुरुस्तीसाठी नवा अर्ज लागते," एवढंच उत्तर आलं आणि फाइल ढिगाच्या तळाशी गेली. आणखी अकरा दिवस.

सुटका झाली ती एका प्रिंटमुळे. मोबाइलवर फोटो दाखवून काही होत नव्हतं. चौथ्या खेपेला चमच्याच्या फोटोची मोठी प्रिंट नेली, दुसऱ्याच पाणवठ्यावरची. बाबूंनी ती खिडकीच्या उजेडात धरली. "हे पाखरू आपल्या इकडे येते?" येते, पण सकाळी सहाला. त्यांनी स्वतः पेन काढून टिपणी लिहिली, तास-दीड तासात सही आली. प्रिंट आता त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. मागितली नव्हती, मीच दिली.

तोवर पाणी शंभर पावलं मागे सरकलं होतं आणि मी हेरलेल्या गाळावर कुणी गाळपेर करून काकडी-टरबूज लावलं होतं. टिलवे दूर गेलेले. रागारागात दुसऱ्या काठाला गेलो तर तिथे रिकाम्या शंखांचा खच. शंख न फुटलेले, आतलं मांस गायब. म्हणजे मुग्धबलाक, करकोच्यांतला एक. त्याच्या चोचीत मधे फट असते म्हणून लोकांना वाटतं तो शंख सुपारीसारखा फोडतो. फोडत नाही, खालच्या चोचीचं टोक आत घालून गोगलगायीचा स्नायू कापतो आणि मांस ओढून काढतो.

जुन्या बिनदांडीच्या तव्यावर लेन्स ठेवून गाळातून सरकत गेलो (ट्रायपॉड रुततो, तवा घसरतो), सूर्य पाठीशी. शटर १/२०००, आणि पांढरी पिसं जळू नयेत म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली. तो मान वर टाकून मांस गिळतानाची आठ फ्रेम मिळाली. त्यातल्या दोन तीक्ष्ण आहेत. बाकीच्यांत माझ्या हाताची थंडी दिसते.

चौकीदाराने पत्र पाहिलं, उलटं धरून, आणि परत दिलं.

पुढचा अर्ज दिवाळीआधीच टाकणार आहे. वेळेच्या रकान्यात 'सूर्योदयापासून' असं लिहून, आणि सोबत मुग्धबलाकाची प्रिंट.