घरभेट: क्षयाच्या सहा महिन्यांत एका कुटुंबासोबत

गरजू घरांना मदत करणाऱ्या, आमच्या चर्चच्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत मी २०२५ मध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात जायला लागले. वसईत अनेक चर्चमध्ये ही मंडळी आहेत. दर आठवड्याला शाळेच्या एका वर्गात बैठक भरते, तिला कॉन्फरन्स म्हणतात. आधी प्रार्थना, मग एकेका घराचा आढावा: कोण जाऊन आलं, काय पाहिलं, काय लागणार आहे. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकानं मिटलेली मूठ आत घालायची आणि उघडा हात बाहेर काढायचा. कुणी पाचशे टाकले, कुणी दहा, कुणाची मूठ रिकामीच होती, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. आमच्यातल्या काहींची परिस्थिती बेताची आहे, पण त्यांनाही बाकीच्यांइतकाच मान असतो. ही पद्धत मला पहिल्याच दिवशी मनापासून आवडली.

सोसायटीचा कणा म्हणजे घरभेट. दोघांनी मिळून गरजू घरी जायचं, बसायचं, बोलायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. माझ्या जोडीला दिले होते आमच्या आळीतले काका, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. पहिल्या भेटीला जाताना रिक्षात त्यांनी मला ओझानाम यांची गोष्ट सांगितली. १८३२ मध्ये पॅरिसमध्ये कॉलऱ्यानं हाहाकार केला. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला एका वादात कुणीतरी तोंडावर विचारलं की तुमच्या चर्चनं पूर्वी खूप केलं असेल, आज काय करता ते सांगा. ओझानाम यांनी उत्तर दिलं नाही. एका मित्राला घेतलं, स्वतःकडची उरलेली जळणाची लाकडं उचलली आणि एका गरिबाच्या घरी नेऊन दिली. गरिबाच्या घरात कसं वागायचं हे त्या तरुणांना शिकवलं सिस्टर रोझाली रंद्यू यांनी. पुढं १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. काकांचं म्हणणं असं, की लाकडं नोकराकरवीही पाठवता आली असती. ती स्वतः नेली म्हणूनच ही सोसायटी उभी राहिली.

आमच्याकडे आलेलं घर होतं नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीतलं. मूळचे मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचे. नवरा बांधकामावर बिगारी, बायको आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, दोन-तीन घरी धुणीभांडी करायची. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. नवऱ्याला क्षयरोग निघाला आणि काम सुटलं. ती जिथं काम करायची त्या घरातल्या बाईंनी कॉन्फरन्समध्ये हे सांगितलं, तेव्हा एका सदस्यानं स्पष्ट विचारलं, "तो दारू पितो म्हणतात. मग मदत कशाला?" काका म्हणाले, "दारू सुटेपर्यंत जंतू थांबणार आहेत का? घरात दोन लेकरं आहेत." एवढ्यावर विषय मिटला. दारूचा प्रश्न मात्र खरा होता. क्षयाच्या गोळ्या यकृतावर ताण आणतात आणि दारू त्यात भर घालते. डॉक्टरांनी त्याला ते सांगितलं होतंच, पण पुढच्या भेटींत आम्हीही सांगत राहिलो, न रागावता, त्याच्या बायकोसमोर नाही, बाजूला घेऊन.

खोली दहा बाय दहाची, एक खिडकी, तीही बोळात उघडणारी. पहिल्या भेटीत तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. गोळ्या सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि पाकीट तसंच उशाशी होतं. बायकोनं दबक्या आवाजात सांगितलं, "त्यांना लघवीतून रक्त जातंय. म्हणून बंद केल्या." काकांनी लगेच नागरी आरोग्य केंद्रातल्या क्षयरोग पर्यवेक्षकांना फोन लावला आणि फोन त्याच्याच कानाला दिला. रिफाम्पिसिन नावाच्या औषधानं लघवीचा रंग नारिंगी-लाल होतो, ते रक्त नव्हे, घाबरू नका, गोळ्या थांबवू नका. एवढं ऐकल्यावर तो उठून बसला. मी पाकिटातल्या लालसर तपकिरी तीन गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. वजन ४१ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या, सगळ्या एकदम. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. हे सगळं कार्डावर छापलेलं होतं, पण त्या घरात वाचणारं कुणी नव्हतं. उपचार सरकारकडून पूर्ण मोफत आहेत आणि ते चांगले आहेत. मध्ये तुटतो तो धागा असा असतो. कुणीतरी त्या खोलीत जाऊन बसल्याशिवाय तो तुटलाय हेही कळत नाही.

मुलांची तपासणी त्याच आठवड्यात झाली. मुलगी ठीक निघाली. मुलगाही ठीकच होता, पण पाच वर्षांखालचा म्हणून त्याला रोग होऊ नये यासाठीची गोळी सुरू केली. आशाताई दारावरून जायच्या तेव्हा त्याला खिशातून एक चणा द्यायच्या, गोळी घेतल्याचं बक्षीस. पोरगं त्यांची वाटच बघायचं.

मग आला जेवणाचा प्रश्न. क्षयरोग आणि कुपोषण हे चक्र जुनं आहे. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात रुग्णाच्या घरातल्या माणसांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे शिधा हासुद्धा उपचाराचाच भाग. आमच्या कॉन्फरन्सनं निक्षय मित्र म्हणून नोंदणी केली. क्षयरोग्यांना शिधा पुरवण्याची ही सरकारी योजना सप्टेंबर २०२२ पासून आहे. संस्था, मंडळं, एकटा माणूस, कुणीही नोंद करू शकतं. रुग्णाची संमती लागते, आणि ती आम्ही त्याच्याकडून नीट समजावून घेतली. एका मोठ्या माणसाला महिन्याला ३ किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल, १ किलो शेंगदाणे किंवा दूध पावडर, जमलं तर ३० अंडी, असा शिधा त्यात सुचवलेला आहे. आम्ही तो पूर्ण घराच्या हिशेबानं वाढवला आणि चार घरांत वाटून घेतला. तांदूळ एकाकडे, डाळ-तेल दुसऱ्याकडे, शेंगदाणे तिसऱ्याकडे, अंडी आमच्याकडे.

अंड्यांवरून आमच्या घरात थोडं वाजलं. सासूबाईंनी कोंबड्या पाळल्या आहेत. अंडी द्यायला त्यांची ना नव्हती, पण मी माझ्या मुलांना त्या घरी नेणार म्हटल्यावर त्या भडकल्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या एका काकूला क्षयानं नेलं होतं, घराबाहेर खोपटात ठेवलं होतं तिला. त्यांची भीती खोटी नव्हती. मी डॉक्टरांना विचारून घेतलं. औषध नियमित सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो, तरी बंद खोलीत न बसता बाहेर ओटीवर बसा, असं ते म्हणाले. म्हणून ईस्टर झाल्यावरच मुलं आली. माझा मोठा त्या मुलीला पाढे शिकवायचा, धाकटी तिच्या भावाशी भातुकली खेळायची. एका रविवारी सासूबाई स्वतःच टोपली घेऊन रिक्षात बसल्या. त्या बाईशी त्या तासभर बोलल्या, मुख्यतः काकूबद्दल. सेवेला कुटुंबानं मिळून जायला हवं असं मी म्हणते ते यामुळेच. सासूबाईंनी जे त्या घराला दिलं ते माझ्याच्यानं झालं नसतं.

सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी थेट खात्यात पैसे देतं. आधी महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण त्याचं खातंच नव्हतं. एका बँकेत पत्त्याचा पुरावा इथला नाही म्हणून परत पाठवलं, दुसरीकडे उद्या या म्हणाले. शेवटी चाळीत येणाऱ्या पोस्टमननंच मार्ग काढला. पोस्टाच्या बँकेचं खातं आधार आणि अंगठ्यावर दारातच उघडतं. ते खातं आधारशी जोडलं, नंबर आरोग्य केंद्रात नोंदवला, आणि साठलेली रक्कम जमा झाली. माझं ठाम मत आहे की चर्चनं पिशवीतून हजार रुपये देण्यापेक्षा हे खातं उघडून देणं जास्त मोलाचं होतं. आमची पिशवी कधी रिकामी होईल सांगता येत नाही. त्याचा हक्काचा पैसा त्याच्याकडे यायलाच हवा होता.

चाळीतल्या एका शेजाऱ्यानं काकांना विचारलं, "हे सगळं कशासाठी? बाप्तिस्मा देणार का?" प्रश्न आजच्या दिवसांत साहजिक आहे. काका ओटीवर बसून त्याच्याशी बोलले. आम्ही पत्रकं आणत नाही, देवळात जाऊ नका म्हणत नाही. सोसायटीचा नियमच आहे की मदतीला धर्म विचारायचा नाही. येशूवर आमची श्रद्धा आहे म्हणून आम्ही येतो, त्यांनी कशावर श्रद्धा ठेवावी यासाठी नाही. गौरी-गणपतीत त्याच शेजाऱ्यानं आम्हाला मोदक खायला थांबवून घेतलं. आणखी एक नियम आम्ही कडक पाळतो: फोटो नाही. शिधा देताना माणसाचा फोटो काढून गटावर टाकणं मला अत्यंत अपमानास्पद वाटतं. कॉन्फरन्समध्येसुद्धा घराचं नाव बाहेर बोलायचं नसतं.

खरी कसोटी आली जुलैत. त्या नवऱ्याचं वजन ४७ वर गेलं होतं, खोकला थांबला होता, आणि गावाकडून निरोप आला: भाताची आवणी सुरू झाली, माणूस हवा. गोळ्या घेणाऱ्या अनेकांचं पाऊल इथंच घसरतं. बरं वाटतं, हाताला काम मिळतं, गोळ्या मागं राहतात. आणि अर्धवट सोडलेला क्षय औषधांना दाद न देणारा होऊन परत येऊ शकतो. जाऊ नको म्हणणं सोपं होतं, पण म्हातारे आईबाप चिखलात एकटे उभे आहेत हे त्याला डोळ्यासमोर दिसत होतं. आम्ही पर्यवेक्षकांना गाठलं. त्यांनी गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची नोंद वळती केली आणि प्रवासापुरत्या गोळ्या हातात दिल्या. काकांनी जव्हार-मोखाडा मार्गावर कित्येक वर्षं गाडी केली होती. स्टँडजवळचा चहावाला त्यांच्या ओळखीचा निघाला, आणि चहावाल्याचा भाचा त्याच पाड्यावरचा. रोज संध्याकाळी तो भाचा विचारायचा, "गोळी घेतली का?" आणि काकांना मिस्ड कॉल द्यायचा. भात लावून झाल्यावर आमचा रुग्ण परतला तेव्हा पाकिटात एकही गोळी जास्तीची उरली नव्हती. मी मोजून पाहिलं.

सप्टेंबरमध्ये उपचार संपले. थुंकीच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत. पुढची दोन वर्षं अधूनमधून तपासणीला जायचं आहे, त्याची तारीख बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवली आहे. तो पुन्हा कामावर जातो, पण सिमेंटची गोणी उचलायचं काम नाही, वॉचमनचं. दारू पूर्ण सुटली असं मी म्हणणार नाही. खूप कमी झाली आहे.

आता मागं लागलोय ते शिधापत्रिकेच्या. चौघांची नावं गावाकडे वडिलांच्या अंत्योदय कार्डावर आहेत, आणि त्या कार्डाचं धान्य गावीच उचललं जातं, त्यामुळे इथं त्यांच्या वाट्याला काही येत नाही. नावं काढली तर आपला वाटा कमी होईल अशी वडिलांना धास्ती होती. काकांनी गावी जाऊन समजावलं की अंत्योदयचं धान्य माणशी नसतं, कार्डाला महिन्याला ३५ किलो ठरलेलं असतं, माणसं चार असोत की दोन. इथं नवं कार्ड प्राधान्य गटात झालं तर माणशी ५ किलोप्रमाणे चौघांचे २० किलो सुरू होतील. घरमालकाचं पत्र बऱ्याच विनवण्यांनंतर मिळालं आहे. मोखाड्याच्या तहसील कार्यालयातून नावं कमी केल्याचा दाखला यायचा आहे, तो आला की वसईत अर्ज भरायचा.