हायफनने सुरू होणारे टार्गेट स्क्रिप्टमधून चालवताना

अँट हे प्रोग्राम बांधण्याचे (बिल्ड करण्याचे) साधन आहे. त्याच्या बिल्ड फाइलमध्ये टार्गेटच्या, म्हणजे नाव दिलेल्या एकेका कामाच्या, नावाआधी हायफन लावण्याची पद्धत जुनी आहे. असे टार्गेट कमांड लाइनवरून थेट चालवता येत नाही, कारण हायफनने सुरू होणारा प्रत्येक शब्द अँट पर्याय म्हणून वाचतो. त्यामुळे जे टार्गेट फक्त इतर टार्गेटांनीच वापरायचे आहे, त्याला आपोआप संरक्षण मिळते. ही पद्धत मला मनापासून आवडते. अडचण येते ती अशा टार्गेटची गरज एखाद्या स्क्रिप्टला पडते तेव्हा.

माझ्या बिल्ड फाइलमध्ये ‘-तयारी’ आणि ‘-डीबग’ अशा नावांची टार्गेट होती आणि टार्गेटांची यादी वाचून एकेक चालवणारी एक शेल स्क्रिप्ट होती. ‘-तयारी’ या नावाला अँटने ‘अनोळखी आर्ग्युमेंट’ म्हणून लगेच नकार दिला, ते बरेच झाले. ‘-डीबग’ हा मात्र अँटचा स्वतःचाच पर्याय आहे. त्यामुळे अँटने सविस्तर लॉग सुरू केला, डीफॉल्ट टार्गेट चालवले आणि एक्झिट कोड शून्य, म्हणजे काम यशस्वी झाल्याची खूण, दिला. स्क्रिप्टच्या दृष्टीने सारे सुरळीत पार पडले होते. एरवी पडदाभर मावणारा लॉग हजारो ओळींचा झालेला दिसला, तेव्हा कुठे मला शंका आली.

नाव अवतरणचिन्हांत घालून काहीही साधत नाही, कारण ती चिन्हे शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) काढून टाकते आणि अँटच्या हाती पुन्हा हायफनसकट शब्दच पडतो. अनेक युनिक्स आज्ञांमध्ये पर्याय संपल्याचे सांगण्यासाठी दोन हायफन देतात. अँट तो संकेतही मानत नाही.

खात्रीचा मार्ग म्हणजे हायफन नसलेले ‘डीबग-बिल्ड’ असे रिकामे टार्गेट लिहून त्याच्या ‘डिपेंड्स’मध्ये, म्हणजे आधी चालवायच्या टार्गेटांच्या यादीत, ‘-डीबग’ देणे आणि स्क्रिप्टमधून या नव्या नावालाच हाक मारणे. बिल्ड फाइलमधूनच टार्गेट चालवणाऱ्या ‘अँटकॉल’ या आज्ञेनेही हायफनचे टार्गेट चालवता येते, परंतु तो नवा प्रोजेक्ट उभा करून काम करतो, आत ठरवलेल्या प्रॉपर्टी (नाव दिलेली मूल्ये) बाहेर परत येत नाहीत आणि त्या टार्गेटची अवलंबित्वे आधी चालून गेलेली असली तरी पुन्हा चालतात. पुढच्या टार्गेटला त्या प्रॉपर्टी हव्या असतील, तर ‘डिपेंड्स’च वापरावे, असे माझे ठाम मत आहे. नव्या टार्गेटला वर्णनही जरूर द्यावे, म्हणजे टार्गेटांची यादी दाखवणाऱ्या ‘-प्रोजेक्टहेल्प’ या पर्यायाच्या मुख्य यादीत ते दिसते.

इतर बिल्ड साधनांचेही नावांबाबत असेच नियम आहेत. एमएसबिल्डमध्ये सोल्यूशनमधून (अनेक प्रोजेक्टांच्या संचातून) एखादा प्रोजेक्ट निवडताना त्याच्या नावातील टिंबाच्या जागी अधोरेषा द्यावी लागते, तर ‘मेक’ या साधनाला दिलेल्या नावात बरोबरचे चिन्ह असले की तो शब्द व्हेरिएबलची नेमणूक ठरतो.

माझी स्क्रिप्ट आता यादीतले प्रत्येक नाव आधी तपासते आणि पहिले अक्षर हायफन आढळल्यास अँटला हात न लावता त्रुटी दर्शवणारा एक्झिट कोड देऊन थांबते.